वंशावळीत माय कुठे आहे?

आज आपण बोलणार आहोत वंशावळीबद्दल. घराण्याची वंशावळ आणि त्यातल्या माणसांच्या छोट्या जीवनकथा गावच्या साध्या वेबसाइटवर कशा मांडायच्या, हे समजून घेऊ. हे काम पगारी माणसांचं नाही. गावातल्याच चार-सहा जणींनी स्वयंसेवक म्हणून करायचं आहे. फुलसावंगीसारख्या गावात ते सहज जमण्याजोगं आहे, कारण त्याला लागणारी मोठी वस्तू म्हणजे जुन्या माणसांची आठवण, आणि ती आपल्या ओसरीवरच बसलेली आहे.

आधी एक करून बघा. घरात वंशावळीचा कागद असेल तर काढा. पणजोबा, त्यांचे तीन मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे, अशी फांदी खाली उतरत येते. आता त्यात आपली आजी शोधा, आत्या शोधा. बहुतेक कागदांत त्या सापडत नाहीत. लेक लग्न होऊन गेली की माहेरच्या कागदावरून उतरते, आणि सासरच्या कागदावर चढली तरी "पत्नी" एवढीच चढते.

ही जुनीच रीत आहे. आपल्याकडे भाट घराण्यांच्या वह्या ठेवत आले. बंजारा तांड्यांवर ढाडी वंशाची गाथा गाऊन सांगत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावं आहेत. पुढे छापील कुलवृत्तान्त निघाले. या सगळ्यांनी मोठं काम केलं, पण साखळी बहुतेक बाप-लेकाचीच राहिली. आता वही आपल्या हातात येते आहे, तर ती कशी लिहायची हे आपणच ठरवायचं.

याचा व्यवहारात काय उपयोग, असं कोणी विचारेल. उपयोग बराच आहे. जात पडताळणीला वंशावळ लागते, हे आपल्याला माहीत आहे. त्यासाठी ठरलेल्या तारखांच्या आधीचे पुरावे मागतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. आता लक्षात घ्या, बाईची जात जन्मानं धरली जाते. म्हणजे ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभी राहणारी सून सासरचे कागद घेऊन गेली तर चालत नाही. तिला वडिलांकडचे पुरावे लागतात. माहेरच्या वंशावळीत तिचं नावच नसेल, तर धावपळ तिथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट वारसाची. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. पण फेरफाराच्या वेळी दिलेल्या वंशावळीत लेकीच गाळल्या, तर हा हक्क मिळवायला त्यांना पुढे झगडावं लागतं. आणि तिसरी गोष्ट आनंदाची: महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आला आहे. सरकारी कागदावर आई आली. घरच्या वंशावळीत तिला आणायला आपल्याला कोणाच्या आदेशाची वाट पाहायला नको.

वेबसाइट हा कायद्याचा पुरावा नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. ती वाट दाखवते. कोणत्या गावात, कोणत्या नावानं, साधारण कोणत्या साली शोधायचं, हे तिच्यावरून कळतं.

साध्या बायांच्या आठवणींचा असा साठा होऊ शकतो का? झाला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं! हा ठेवा २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या वेबसाइटवर येऊ लागला. तिथे ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. अनेकींचे फोटो आहेत, जीवनकथा आहेत. ज्या बायांची नावं कुठल्याच पुस्तकात नव्हती, त्या आता जगाला नावानिशी माहीत आहेत. आपलं काम याहून पुष्कळ लहान आहे, पण जात तीच.

आता कामाला लागू. सुरुवात वहीनं करायची, फोननं नाही. एका माणसाला एक पान द्या. बाईच्या पानावर पहिल्या दोन ओळी अशा: माहेरचं नाव आणि सासरचं नाव. लग्नात नाव बदलण्याची रीत असल्यामुळे एकच बाई कागदोपत्री दोन बाया होऊन बसते. दोन्ही नावं शेजारी लिहिली की निम्मा गुंता तिथेच सुटतो. मग माहेरचं गाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, भावंडं, लेकरं. दगावलेली लेकरंही विचारा, पण हळू आवाजात, आणि तिला सांगायचं असेल तरच.

जन्मसाल विचारलं तर म्हातारी म्हणते, "मले काय ठावं बाई?" तेव्हा साल विचारू नका, घटना विचारा. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता? इसापूरचं धरण बांधत होते तेव्हा लग्न झालं होतं का? पहिलं लेकरू कडेवर होतं की शाळेत जात होतं? अशा तीन-चार प्रश्नांतून साल जवळपास लागतं. ते लिहिताना "अंदाजे" हा शब्द जोडायचा.

मग कागद. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार, हे तीन मोठे आधार. आपल्या भागाची एक अडचण माहीत असू द्या. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, तेव्हा फार जुन्या कागदांचा माग तिकडेही लागू शकतो. आणि पैनगंगेपलीकडचं माहूर-किनवट निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. आपण इकडे वऱ्हाडात. नदीपलीकडच्या किती लेकी आपल्या गावात सुना होऊन आल्या! त्यांच्या माहेरचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत निघू शकतात. ते वाचून घ्यायला जाणकार गाठावा लागतो. अंदाजानं वाचू नये.

माहिती जमली की शंभर-दीडशे शब्दांत जीवनकथा लिहा. "त्या फार प्रेमळ व कष्टाळू होत्या" असं कोणाबद्दलही लिहिता येतं. त्याऐवजी लिहा, की दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गिट्टी फोडली, कापूस वेचून लेकीला बारावीपर्यंत शिकवलं, बाळंतपणाला आसपासच्या तांड्यांवरून बोलावणं यायचं. असं वाचलं की नातीला आजी दिसते.

लिहिलेलं त्या व्यक्तीला मोठ्यानं वाचून दाखवा. "हे राहू द्या, हे काढा" असं ती म्हणेल तसं करा. ती हयात नसेल तर घरातल्या दोन शाखांना विचारा, एकीला विचारून भागत नाही. मोडलेलं लग्न, दुसरं घर, दत्तक, जुनं भांडण या गोष्टी परवानगीवाचून कधीच टाकू नयेत. हयात माणसांची पूर्ण जन्मतारीख, आधार क्रमांक, फोन नंबर, घराचा पत्ता टाकायचा नाही. तरण्या पोरींचे फोटोही नकोत. आईचं आडनाव आणि जन्मतारीख यांवरून फसवणूक करणारे लोक आहेत. हयात माणसाचं फक्त नाव आणि नातं पुरे.

यानंतर वेबसाइट. गूगल साइट्ससारख्या मोफत सोयीवर ती बनते, संगणकाची भाषा यावी लागत नाही. मजकूर फोनमध्ये मराठीत बोलून टाइप होतो. पानं मांडायला मात्र एखाद्या भाचीचा किंवा शाळेतला संगणक बरा पडतो. पहिल्या पानावर घराण्यांची यादी, नावावर बोट ठेवलं की वंशावळ, वंशावळीतल्या नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचं पान. एवढंच पुरे. सगळं युनिकोड मराठीत असावं, म्हणजे शोधताना सापडतं. फोटो लहान करून टाका, नाहीतर नेट कमी असलेल्या वस्तीवर पान उघडणार नाही. वंशावळीत लेकीची फांदी लग्नापाशी तोडू नका. तिच्या सासरचं गाव लिहा, तिची लेकरंही लिहा.

पासवर्ड एकीच्याच हातात ठेवू नका. तिघींकडे असावा, कारण पोरी लग्न होऊन गावाबाहेर जातात. आणि मोफत जागा कायमची नसते. जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी अशीच घरगुती पानं मांडली होती. २००९ साली याहू कंपनीनं ती सेवा बंद केली आणि त्यातलं कितीतरी नाहीसं झालं. म्हणून दरवर्षी सगळी पानं छापून एक प्रत घरात आणि एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवायची.

मैत्रिणींनो, भाटाच्या वहीला पैसा लागत होता, कुलवृत्तान्ताला छापखाना लागत होता. आपल्याला एक वही आणि ऐकायला मोकळा वेळ लागतो. या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, "आजी, तुमच्या मायचं नाव काय होतं?" आणि उत्तर लगेच लिहून घ्या. ते नाव ठाऊक असलेली कदाचित ती एकटीच उरली असेल.