लेण्यांबाहेरचं रान

१८७४ साली पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत मोने, पिसारो, सिस्ले यांनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं. त्याआधी दोन वर्षं, १८७२ पासून, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले होते. मध्ये खंड पडला, पण काम १८८५ पर्यंत चाललं. तिकडचे चित्रकार चित्रशाळा सोडून उन्हात येत होते. आमचे पेस्तनजी बोमनजी आणि त्यांचे सोबती मात्र त्याच काळात लेण्यांच्या काळोखात भित्तिचित्रांच्या नकला उतरवत बसले होते.

ग्रिफिथ्सना दोष देणार नाही. भिंतींवरचे रंग झडत होते. त्यांच्याआधी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. पुढे ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये दुसऱ्या एका आगीत जळाल्या. पण बाहेरचं रान राहून गेलं, ही रुखरुख आम्हा जालनेकरांना वाटावी. कारण अजिंठ्याची ती डोंगररांग आमच्या भोकरदन-जाफराबादच्या अंगानेच जाते.

लेण्यांच्या आत मात्र रान आहेच. सतराव्या लेण्यातल्या छद्दंत जातकात हत्ती, कमळतळं, दाट झाडी आहे. ती रंगवणाऱ्यांनी लेण्यांखालच्या वाघूर नदीकाठची झाडं पाहिलीच असणार.

फ्रान्सच्या चित्रकारांना बाहेरचं रान रंगवणं जमलं, त्यात नुसती प्रतिभा नव्हती. १८४१ मध्ये रंगांची पत्र्याची नळी निघाली, १८४९ मध्ये पॅरिसहून फोंतेनब्लोच्या जंगलापर्यंत रेल्वे गेली. खिशात रंग, दाराशी जंगल! तेओदोर रूसोसारख्या चित्रकारांनी झाडतोडीविरुद्ध ओरड केली आणि १८६१ मध्ये त्या जंगलाचे सुमारे हजार हेक्टर चित्रांसाठी राखून ठेवले गेले. जालन्याला रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर, निजामाच्या राज्यात. आणि जिल्ह्यात जंगल आज नावापुरतंच उरलंय.

महाराष्ट्रात उजेडाच्या मागे लागलेला माणूस शोधायचा तर कोल्हापूरला जावं लागतं. आबालाल रहिमान जे. जे.त शिकून घरी परतले आणि रंकाळा, कोटीतीर्थाच्या परिसरात १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत रंगवत राहिले. पण त्यांचा मुलूख पाण्याचा, ओलसर हवेचा. आमच्या कोरड्या पानगळीला तसा कुणी भेटला नाही.

आणि ही पानगळ युरोपची नव्हे. तिकडे दिवस आखडतात, थंडी पडते, पानातलं हिरवं विरतं आणि दडलेलं पिवळं उघडं पडतं. इकडे जमिनीतली ओल संपते म्हणून झाड पानं टाकतं. साग खडखडतो, सालईचं फिकट खोड उघडं पडतं. पळस सगळ्यांना दिसतो, कॅलेंडरवरही येतो. मला विचाराल तर चित्र धावड्याचं काढावं. त्याची पानं गळण्याआधी तांबूस होतात. त्यासाठी थंडीत, सकाळी लवकर निघावं. पळसासाठी फाल्गुनापर्यंत थांबलात, तर धावडा उघडा झालेला असतो.