चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या पाठीशी



आठवीतला एखादा मुलगा मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहतो, मुतारीकडे एकटा जात नाही, पोट दुखते म्हणून शाळा बुडवतो. आपण म्हणतो, पोर आळशी झाले. पण चौकशी करा. त्याच्या चालण्याबोलण्यावरून पोरे त्याला ‘बायल्या’ म्हणत असतील, अडवून ढकलत असतील. मुलासारखी राहणाऱ्या मुलीचीही हीच गत.

यांतली काही मुले समलिंगी असतात, काही पारलिंगी. काहींना स्वतःचेच अजून उमगलेले नसते. समाजसेवकाने ते ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. त्रास थांबवायला त्याची गरजच काय? आणि हा आजार तर नव्हेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी आकर्षण रोगांच्या यादीतून काढले. तेव्हा अंगारे-धुपारे नकोत, नि ‘सरळ करून देतो’ म्हणणारा डॉक्टरही नको.

सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे गुपित. मुलाने विश्वासाने सांगितलेले त्याला न विचारता घरी पोचवू नये. गुरुजी चांगल्या हेतूने वडिलांना बोलावतात, आणि संध्याकाळी घरी पट्टा निघतो. मुलगी असली तर शाळा सुटून स्थळे पाहणे सुरू होते. पालकांना एवढेच सांगावे, “याला वर्गात त्रास होतो, तो आपण थांबवू.” मात्र जिवाला धोका दिसला किंवा लैंगिक अत्याचार कळला, तर गप्प राहता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा अत्याचार कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावी, म्हणजे पुढे फसवल्यासारखे वाटणार नाही. अडचणीत १०९८ हा बालमदतीचा फोन मुलालाही करता येतो.

मग शाळेकडे वळावे. त्रास कुठे नि केव्हा होतो, हे मुलालाच विचारावे: मुतारीपाशी, एस.टी.च्या थांब्यावर, की कवायतीच्या तासाला? त्या जागी त्या वेळी एक शिक्षक उभा राहिला, तरी पुष्कळ फरक पडतो. चिडवणाऱ्यांना एकेकटे बोलावून समज द्यावी. भर वर्गात त्या मुलाचे नाव घेऊन उपदेश केला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे हाल दुप्पट. आणि खरे सांगायचे तर, कधीकधी पहिला विनोद गुरुजींच्याच तोंडून निघालेला असतो! शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शाळेत मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करते. २०१९ चा कायदा पारलिंगी विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण आणि खेळ देण्याची जबाबदारी सरकारमान्य शाळांवर टाकतो. मुख्याध्यापकांशी बोलताना ही कलमे हाताशी ठेवावीत.

एवढ्यावर काम संपले असे समजू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा जावे, हजेरीपट पाहावा, आणि मधल्या सुट्टीत तो पोरगा कुणाबरोबर डबा खातो तेही पाहावे.