बिल्डरचा धंदा बिल्डर एकटा ठरवत नाही

मागच्या व्हिडिओनंतर खोपोलीच्या एका कॉन्ट्रॅक्टर मित्राने विचारलं, "सर, स्टेकहोल्डर वगैरे मोठ्या कंपन्यांचं असतं. आमच्या सेंट्रिंग-स्लॅबच्या धंद्यात त्याचं काय काम?" व्हिडिओत उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी दोन शब्द सोपे करून घेऊ. तुमचं काम थांबलं तर ज्याचं काहीतरी अडकतं, किंवा जो तुमचं काम थांबवू शकतो, तो स्टेकहोल्डर. आणि बिझनेस मॉडेल म्हणजे पैसा कुठून येतो, कधी येतो आणि त्यातला वाटा कोणाकोणाला जातो.

माझे पैसे कसे अडकले

कर्जतमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी बंगल्यांच्या एका छोट्या स्कीमला मी उधारीवर माल दिला. कॉन्ट्रॅक्टरने गिऱ्हाईक बघितलं, बँक बघितली, आर्किटेक्ट चांगला घेतला. फक्त शेजारच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही. त्याची जमीन विकत घ्यायची नव्हती ना! पण त्याच्या बैलगाडीची वहिवाट याच प्लॉटमधून होती. कंपाउंड घातलं, रस्ता बंद झाला, प्रकरण तहसीलला गेलं आणि काम बंद पडलं. माझे तीन लाख चाळीस हजार सव्वा वर्ष अडकले. इकडे डिस्ट्रिब्युटरने माझी उधारी बंद केली. घरात दोन महिने कोणी नीट बोलत नव्हतं.

त्या शेतकऱ्याचा स्कीममध्ये एक रुपया नव्हता. तरी सगळ्यात मोठा स्टेकहोल्डर तोच निघाला.

मगरपट्टा: शेतकरीच मालक

आता उलटं उदाहरण बघा. पुण्यात हडपसरला मगर मंडळींची सुमारे 400 एकर शेती होती. शहर वाढत होतं, जमीन तुकड्या-तुकड्याने विकली जाणार हे दिसत होतं. सतीश मगर यांनी सुमारे 120 शेतकरी कुटुंबांना एकत्र आणलं. जमीन बिल्डरला विकायची नाही, आपलीच कंपनी काढायची आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर्स, असं ठरलं. 2000 च्या सुमारास काम सुरू झालं. याच घरांतल्या कित्येक मुलांनी पुढे तिथली कॉन्ट्रॅक्टं घेतली, मालाचा पुरवठा केला. सिंहगड रस्त्यावरची नांदेड सिटीही नंतर याच धर्तीवर झाली.

यात नवीन काय? इमारती इतरांसारख्याच आहेत. नवीन आहे ती वाटणी. जमीनवाला एकदा पैसे घेऊन बाजूला होत नाही, तो धंद्यात राहतो. म्हणून तो काम अडवत नाही, उलट राखतो.

गिऱ्हाइकाने बदललेला धंदा

पूर्वी एका स्कीमच्या बुकिंगचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालायचे आणि पहिली इमारत रखडायची. फसलेल्या गिऱ्हाइकांची ओरड वाढत गेली आणि 2016 चा रेरा कायदा आला. महारेरा 1 मे 2017 पासून सुरू झालं. आता गिऱ्हाइकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते त्याच प्रोजेक्टच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, तेही काम जेवढं झालं तेवढ्याच प्रमाणात काढायचे. करारनामा करण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकामात दोष निघाला तर ताबा दिल्यापासून पाच वर्षं जबाबदारी बिल्डरची.

परिणाम काय झाला? पुढची जमीन घ्यायला हातात फिरवता पैसा उरला नाही. मग जमीन विकत घेण्याऐवजी जमीनमालकाशी भागीदारी करणं जास्त परवडू लागलं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीने बिल्डरचं भांडवलाचं गणितच बदललं.

आपल्याकडे काय करायचं?

कर्जत-खालापूरकडे सेकंड होमवाले मालक मुंबई-डोंबिवलीत राहतात. त्यांना काम रोज बघता येत नाही, त्यामुळे शंका जास्त. माझ्या ओळखीचा एक कॉन्ट्रॅक्टर आता दर शनिवारी साइटचा व्हिडिओ पाठवतो आणि बंगला झाल्यावर देखभालीचं कामही वर्षाच्या करारावर घेतो. माणसं गावातलीच लावतो. मालक निश्चिंत, गावाला रोजगार, आणि याला पावसाळ्यातही उत्पन्न.

मीही बदललो. आता माल टप्प्याटप्प्याने देतो: प्लिंथ, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर. एका टप्प्याचे पैसे आले की पुढचा माल. मोठी ऑर्डर घेण्याआधी साइटवर जाऊन शेजाऱ्यांशी चहा पितो. कोण नाराज आहे, ते तिथेच कळतं.

आज रात्री एक कागद घ्या. गिऱ्हाईक, जमीनवाला, शेजारी, ग्रामपंचायत, मुकादम, मजूर, दुकानदार, बँक अशी नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा:

1. याचं माझ्याकडे काय अडकलंय?
2. हा माझं काम थांबवू शकतो का?
3. काम नीट झालं तर याला काय मिळतं?

दुसऱ्याचं उत्तर "हो" आणि तिसऱ्याचं "काहीच नाही" असेल, तिथे लाल खूण करा. तुमच्या धंद्यातला पुढचा बदल तिथूनच सुरू करायचाय.

तुमच्या यादीत लाल खूण कोणापुढे आली, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!