गोड लागतं ते औषध नव्हे

दसरा-दिवाळीच्या सुमारास लोहारा तालुक्यात सोयाबीनची मळणी सुरू होते. यंत्रातून भुसकट उडतं आणि दमेकऱ्याची छाती वाजू लागते. मग निघतो ‘पंप’. अनेकांकडचा असतो तो पुडीचा: कॅप्सूल घालायची, पिळून फोडायची, तोंडाला लावून जोरात श्वास ओढायचा. जिभेवर गोडसर चव येते आणि वाटतं, औषध लागलं.

ती चव औषधाची नसतेच! ती असते दुधातल्या साखरेची, लॅक्टोजची. खोल जायचं तर औषधाचा कण १ ते ५ मायक्रॉनचाच हवा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इतकी बारीक पूड आपसात चिकटते, म्हणून तिला साखरेच्या मोठ्या दाण्यांवर बसवून धाडतात. श्वासाचा झोत लागला की कण दाण्यांवरून सुटतात आणि वळणं घेत खाली उतरतात. जड दाण्यांना वळता येत नाही. ते घशावर आपटून तिथंच राहतात. जिभेला कळतं ते मागं राहिलेलं. श्वास हळू ओढला, तर कण पुरेसे सुटत नाहीत, पण गोड लागतंच.

मात्राही किती थोडी! साल्ब्युटामॉल या आराम देणाऱ्या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, कॅप्सूलमध्ये २०० मायक्रोग्रॅम. विसावा हिस्सा, आणि तरी काही मिनिटांत श्वासनळीभोवतीचे स्नायू सैल पडतात.

हा आराम लगेच जाणवतो, म्हणून रुग्णाचा जीव याच पंपावर. दुसरा पंप स्टिरॉइडचा. तो नळीच्या आतली सूज दिवसेंदिवस उतरवत राहतो, पण ओढल्यावर काहीच जाणवत नाही. त्यात ‘सवय लागते’ ही भीती. मग बरं वाटताच तोच आधी सुटतो. मृगाला हैदराबादेत दम्यासाठी जिवंत मासोळी गिळायला लोटणारी गर्दी मला इथं आठवते. घशातून काहीतरी उतरल्याचं कळणं, यातही केवढा दिलासा असतो! पण सूज तशीच राहिली, तर नुसत्या आरामाच्या पंपावर माणूस जिवाला मुकू शकतो. दम्याच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेनं २०१९ साली म्हणूनच सांगितलं, की मोठ्या माणसांना नुसता तो पंप देऊ नये.

म्हणून जाणता डॉक्टर ‘पंपानं बरं वाटतं ना?’ एवढ्यावर थांबत नाही. तो गेल्या चार आठवड्यांचं विचारतो: रात्री खोकून किती वेळा उठलात? आरामाचा पंप आठवड्यातून कितीदा लागला? आणि मळणीच्या दिवशी घरी बसावं लागलं का?