‘होल्ड बॅक’: आवरणें कीं कचरणें?

इंग्रजी शिकतांना विद्यार्थ्यांस लांबलचक शब्दांची भीति वाटते. परंतु आमचा अनुभव असा कीं, खरी फसगत होते ती लहान शब्दांच्या जोडीनें. ‘होल्ड’ म्हणजे धरणें व ‘बॅक’ म्हणजे मागें, हें सर्वांस ठाऊक असतें. म्हणून ‘ही हेल्ड बॅक हिज टिअर्स’ याचें भाषांतर आमच्या एका विद्यार्थ्यानें ‘त्यानें आपले अश्रू मागें धरिले’ असें केलें. मराठींत आपण अश्रू आवरतों.

जें पुढें येऊं पाहतें तें अडवून धरणें, हा या क्रियापदाचा मूळ भाव होय. इंग्रजींत तेथें एकच क्रियापद चालतें. मराठींत मात्र कर्माप्रमाणें तें बदलतें. गर्दी थोपवावयाची, राग आवरावयाचा, पैसा राखून ठेवावयाचा, बातमी दडवावयाची. कर्म नसेल, तर मनुष्य स्वतःच पुढें होण्यास कचरतो, असा अर्थ घ्यावा.

रचनेचा एक नियमही ध्यानांत ठेवावा. कर्म नाम असल्यास तें ‘बॅक’च्या आधीं किंवा नंतर येऊं शकतें, सर्वनाम असल्यास तें मध्येंच आलें पाहिजे. ‘होल्ड देम बॅक’ हें शुद्ध, ‘होल्ड बॅक देम’ हें अशुद्ध.

सन १६११ च्या इंग्रजी बायबलांत याच अर्थीं ‘कीप बॅक’ ही जोडी आढळते. एकोणिसाव्या स्तोत्रांत भक्त आपणांस पापापासून आवरण्याची देवास विनंती करितो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पांचव्या अध्यायांत हनन्या व सप्पीरा विकलेल्या जमिनीच्या किमतीचा भाग लपवून ठेवितात. तर विसाव्या अध्यायांत, हिताची गोष्ट सांगण्यास आपण कचरलों नाहीं, असें पौल इफिस येथील वडिलांस सांगतो. क्रियापद एकच, पण पहिल्या ठिकाणीं तें रक्षण, दुसऱ्या ठिकाणीं कपट. काय आवरावें व काय आवरूं नये, हें कोशांत सांपडत नाहीं.

हें आम्हांस त्या विद्यार्थ्यानेंच शिकविलें. त्याचें भाषांतर ऐकून वर्ग हंसला आणि आम्हीही हंसलों. पुढें कित्येक दिवस त्यानें हात वर केला नाहीं. आम्हीं हंसूं आवरिलें नाहीं, म्हणून तो बोलण्यास कचरला. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलांच्या चुकांवर घरीं कोणी हंसूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, राग आवरा, जीभ आवरा, परंतु शंका मात्र कधींही मनांत दडवूं नका.