आधी गाडीखाली झोपा

इंदूरच्या एबी रोडवर सिग्नलला अडकलात की त्या नावाकडे एकदा नीट बघा. एबी म्हणजे आग्रा-बॉम्बे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली हिप्पी मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल करत दिल्ली गाठायची आणि त्यांतली बरीचशी पुढे गोव्याकडे निघायची. गाडी असेल तर सरळ वाट कोणती? ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक. अनेकांची गाडी म्हणजे फोक्सवागनची ती गोलमटोल, पडदे लावलेली व्हॅन: मागे बिछाना, घडीचं टेबल आणि हवं तेव्हा वर उचलता येणारं छप्पर.

बेन पोन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक खोका काढला. खाली चाकं, पुढे ड्रायव्हर, मागे इंजिन, मधे सगळी मोकळी जागा. एवढंच! त्या रेघोट्यांमधून मार्च १९५० मध्ये खरीखुरी गाडी कारखान्याबाहेर पडू लागली आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने त्या खोक्यात घरच बसवून दिलं.

ही गाडी आपल्याला परकी वाटते, पण नातं जवळचं आहे. हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ कंपनीने १९४९ मध्ये ‘मॅटाडोर’ नावाची गाडी काढली, तेव्हा तिच्यात इंजिन होतं फोक्सवागनचं! पुढे फोक्सवागनने ते देणं बंद केलं. याच टेम्पोशी हातमिळवणी करून १९५८ मध्ये आपल्याकडे बजाज टेम्पो उभी राहिली. लग्नाची वऱ्हाडं वाहणारी मॅटाडोर आणि ‘टेम्पो’ हा शब्द, दोन्ही तिथून आले. त्याच कंपनीचं आजचं नाव फोर्स मोटर्स, आणि तिची ट्रॅव्हलर बनते इंदूरच्या शेजारी, पिथमपूरला.

तर समजा, पन्नास वर्षं वयाची अशी एक व्हॅन कंटेनरमधून उतरून इंदूरच्या एखाद्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. मालक लगेच पडद्यांचं कापड बघायला धावतो. रंग ठरवतो. थांबा हो! सुरुवात करायची ती जमिनीवर सतरंजी टाकून, गाडीखाली आडवं होऊन. जॅकवर विसंबून मात्र नाही. खाली भक्कम स्टँड हवेतच.

सोबत फक्त तीन वस्तू घ्या: टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि सियागंजातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं लोहचुंबक. चुंबक एका पातळ फडक्यात गुंडाळून रंगावरून हळूहळू फिरवा. इथे चिकटतंय, इथेही चिकटतंय, आणि अचानक सुटून हातात येतं. का? कारण तिथे पत्राच नाही! कुणीतरी भोकात पुट्टी भरून वर झकास रंग मारलाय. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. धड पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द करतो. माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, अगदी तसंच.

एवढी काळजी पत्र्याची का? ट्रकला खाली जाडजूड चॅसी असते, वरची बॉडी नुसती बसवलेली. या व्हॅनमध्ये दोन्ही एकजीव आहेत. दारांखालून जाणारी पट्टी, जिला कारागीर ‘सिल’ म्हणतात, दिसते साधी. पण आत पत्र्याचे थर जोडून केलेली ती पोकळ पेटी आहे. मिलिमीटरभर जाडीचा पत्रा पेटीत वळवला की त्यावर अख्खं घर तोलून धरता येतं. कागदाची सुरळी उभी करून तिच्यावर पुस्तक ठेवून बघा, कळेल.

आणि गंज नेमका याच पोकळीत बसतो. पाणी आत शिरतं, वाळत नाही. त्यात युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ. लोखंडाचा गंज झाला की तो मुळापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून जोड आतून फुगतात आणि टाके उसवावेत तसं वेल्डिंग उकलतं. बाहेरचा फोड नखाएवढा दिसतो तेव्हा आतलं निम्मं काम झालेलं असतं.

आता खरी कमाल ऐका. इंदूरहून तासा-दीड तासावर धार. तिथल्या लाट मशिदीपाशी लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. राजा भोजाच्या काळातले मानतात, म्हणजे सुमारे हजार वर्षांचे, आणि वजन सात टनांच्या वर. इतके पावसाळे अंगावर घेऊनही ते शाबूत! कारण त्या लोखंडात राहून गेलेला फॉस्फरस. त्यामुळे पृष्ठभागावर गंजाचाच एक पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच पुढच्या गंजाला अडवतो. चोरालाच पहारेकरी नेमल्यासारखं. आपल्या व्हॅनच्या पोलादात ही सोय नाही. तिचा गंज सच्छिद्र असतो, पाण्याला वाट करून देत राहतो. म्हणून तो खरवडून नाही, कापूनच काढावा लागतो.

पण कापायची घाई नको. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू वेल्ड करून घ्यायचे. ते न करता पट्टी कापली की गाडी मधोमध हलकेच वाकते, डोळ्याला काही दिसतही नाही. नवी पट्टी सुंदर बसते. आणि मग दार लागतच नाही.

खाली झोपलाच आहात तर कागदही मागवून घ्या. इंजिनाच्या कप्प्यात पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर आणि कस्टमच्या कागदावरचा नंबर आकडा न आकडा जुळला पाहिजे. बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटच्या मागे एक छोटी धातूची पट्टीही सापडते. वरवर बघता नुसतेच आकडे, पण ती गाडीची जन्मपत्रिका आहे: कधी बनली, मूळ रंग कोणता, काय काय बसवून निघाली. या पट्टीला रंगाखाली गाडू नका. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते, नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी, पण गाडी मूळ रूपात हवी. आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. हे ऐकून मालकाचा चेहरा पडतो, पण पडदे शिवण्याआधी पडलेला बरा.

आता मागे या. इंजिनाचं झाकण उघडा आणि रेडिएटर शोधा. नाहीच! पाणीही नाही. इंजिन थंड होतं ते निव्वळ हवेवर. एक पंखा हवा ओढतो आणि पत्र्याचे आडोसे ती नेमकी तापलेल्या सिलिंडरांवर नेतात. इंजिनाच्या चहूबाजूंनी एक रबरी पट्टी असते; ती वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवते. जुन्या गाडीत ती हमखास झडलेली. मग इंजिन स्वतःचाच गरम श्वास पुन्हा ओढत राहतं, आणि बाहेर मे महिन्यातलं माळव्याचं ऊन! उभ्या पंख्याच्या इंजिनात पंखा आणि डायनॅमो एकाच दांड्यावर, एकाच पट्ट्यावर फिरतात. म्हणजे डॅशबोर्डवरचा लाल दिवा ‘बॅटरी चार्ज होत नाही’ एवढंच सांगत नाही. पट्टा तुटलेला असू शकतो, तेव्हा जिथे असाल तिथे थांबायचं.

एवढं कळलं की किल्ली फिरवायचा मोह होतो. नको. पेट्रोलच्या रबरी नळ्या आधी बदला. वरून धड दिसणारी जुनी नळी दुमडून बघा, चिरा तोंड उघडतात. आपल्या आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी पाझरते ती तापलेल्या इंजिनावर. उभ्या पंख्याच्या इंजिनाचा गाभा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, आणि मॅग्नेशियम एकदा पेटलं की त्यावर पाणी मारल्याने आग आणखी भडकते. इथेनॉल सोसणारी नळी आणि नवे क्लॅम्प, गाडीवरचा पहिला खर्च हा.