टाळेबंदीतली फी

शाळांना कुलूप, अनेकांचे पगार कापलेले; तरी फीचा तगादा चालूच. 8 मे 2020 रोजी महाराष्ट्र शासनाने 2020-21साठी फीवाढ रोखली. संस्थाचालक न्यायालयात गेले आणि जूनअखेर उच्च न्यायालयाने आदेशाला अंतरिम स्थगिती दिली.

शिक्षकांचे पगार फीतूनच होतात, हा शाळांचा मुद्दा खोटा नव्हता. पण बंद वर्गांची वीज, मैदान, प्रयोगशाळा यांचा खर्च तर वाचला होता! राजस्थानातील शाळांच्या फीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2021मध्ये नेमके हेच धरून 15 टक्के कपात सांगितली. महाराष्ट्राने तसा आदेश ऑगस्ट 2021मध्ये काढला.

एरवी राज्याच्या 2011च्या कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. किती पालकांना ही समिती ठाऊक असते, कोण जाणे.